मास्तरीणबाईंची कोठी

अक्का,

तुम्हाला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत, आणि मला तुमचा हेवा वाटायचा थांबलेला नाही. लोक म्हणतात, माणूस गेलं की मनातलं सगळं धुऊन निघतं. माझं काही निघालं नाही. परवा सखुबाई हापशापाशी भेटली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मास्तरीणबाई गेल्या अन् गल्लीचा आधारच गेला बघ." मी मान हलवली. डोळे माझेही भरून आले होते, त्यात खोटं काही नाही. पण त्या भरल्या डोळ्यांनीच मी मनात विचारत होते, मग इतकी वर्षं मी कोण होते?

हे दुसऱ्या कुणाजवळ बोलायची सोय नाही. म्हणतील, बघा, गेलेल्या जावेवरसुद्धा जळते. म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला यात नवीन काही नाही. मी तुमच्यावर जळते हे तुम्हाला माझ्या लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं, आणि घरात मीठ-मिरची असते तसं हेही असायचंच, असं धरून तुम्ही चाललात. त्याचासुद्धा मला राग यायचा.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "थोरली जाऊ शाळंवर मास्तरीण हाय. ती दिवसभर बाहीर. घर तुलाच मोकळं मिळंल." मी घनसावंगीकडची, उसाच्या रानात वाढलेली, दहावीपर्यंत शिकलेली. जाफराबादजवळच्या या गावात येताना मी मनाशी वाटणी करूनच आले. नोकरी त्यांची, गावातला मान त्यांचा, सभेला पुढच्या खुर्चीवर बसणं त्यांचं. चूल माझी. चुलीवर मी कुणाला येऊ देणार नव्हते.

पहिल्याच रविवारी तुम्ही पदर खोचला आणि सामानाच्या खोलीत शिरलात. मी दारातून बघत होते. एकेक डबा उघडायच्या, वास घ्यायच्या, चिमूट जिभेवर टाकायच्या. मी आल्याआल्या आमटीला लावायचं येसर कुटून ठेवलं होतं, मोठ्या हौसेनं. तो डबा उघडून तुम्ही विचारलंत, "हे कुणी कुटलं?"

"मी."

"वास चांगला हाय. जरा जाडं राह्यलं."

एवढंच बोलून तुम्ही पुढचा डबा उघडलात. त्या दिवशी मला कळलं, की माझ्या वाट्याला आलेली चूलसुद्धा माझी नाही.

त्या खोलीला सगळे कोठीच म्हणायचे. पत्र्याच्या दोन उंच कोठ्या, एक ज्वारीची, एक गव्हाची. तूर, मूग, हुलगे आणि चवळीचे डबे. फळीवर बरण्या. दोरीला फडक्यात बांधून टांगलेली वाळलेली गवार, मेथी, अंबाडी, वांग्याच्या काचऱ्या. कोपऱ्यात चिंचेचा गोळा, गुळाच्या ढेपा, मिठाचं मडकं, काड्यापेट्यांचा खोका. कुरडया, खारोड्या, मुगाच्या वड्या तर सांगायच्याच नाहीत. एखादं वर्ष आभाळानं पाठ फिरवली, सोयाबीन जळालं, गावात टँकर सुरू झाला, तरी आपल्या घरात सहा-आठ महिने कुणी उपाशी झोपलं नसतं. मोसम कसाही जावो, कोठी रिकामी व्हायच्या आत भरायची, हा तुमचा कायदा होता.

आणि कायदा तुमचा असला तरी राबणं माझं होतं, अक्का. आज स्पष्ट बोलते. काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुठं ठेवायचं हे तुम्ही ठरवायच्या आणि जीप पकडून शाळेला जायच्या. मागं माळवदावर ऊन खात मी बसायची. मूग भिजवणं, वाटणं, वड्या तोडणं, मिरच्या निवडून खोकत खोकत कुटणं, गहू चाळणं, डाळीला एरंडेल लावणं, कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून कोठीत घालणं. रविवारी तुम्ही हात लावायच्या, नाही असं नाही. पण आठवड्याला रविवार एकच असतो.

नाव मात्र झालं 'मास्तरीणबाईंची कोठी'. कुणाच्या लेकीचं लग्न अचानक ठरलं, की निरोप तुम्हाला. बाळंतिणीला खारीक-गूळ लागला, की तुमचं दार. सखुबाईच्या घरी पाहुणे आले आणि डाळ संपली, की ती माळवदावर बसलेल्या मला डावलून, अंगणात उभी राहून तुमची वाट बघायची. मी वरून म्हणायची, "मी देते की." ती म्हणायची, "येऊ दे बाईला. त्येंची वस्तू हाय." ज्या डाळीला मी दोन दिवस ऊन दाखवलं ती तुमची वस्तू.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, एवढं भरून ठेवायची कसली हौस? गावात दुकान आहे, जाफराबादला बाजार भरतो. तुम्ही तेव्हा जवस निवडत होता. हात न थांबवता तुम्ही तुमच्या नोकरीच्या पहिल्या गावाची गोष्ट सांगितलीत. बुद्धवाडा गावापासून लांब, म्हणून शाळेजवळच खोली घेतली होती तुम्ही, गोठ्याच्या अंगाला. घरमालकीण पाणी वरून ओतायची. दुकानदार पुडी हातात द्यायचा नाही, ओट्यावर सरकवायचा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं आणि रस्ता बंद झाला. तुमचं पीठ संपलं. वाटी घेऊन तुम्ही घरमालकिणीच्या दारात उभ्या राहिलात. ती आतून म्हणाली, "उद्या बघू," आणि दार लोटून घेतलं. घरात माणसं जेवत होती, भाकरीचा वास येत होता. तुम्ही गुळाच्या पाण्यावर दिवस काढला आणि सकाळी तिच्याच पोराला पाढे शिकवलेत.

"तवाच ठरवलं," तुम्ही म्हणालात, "वाटी घेऊन कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई. अन् आपल्या दारात कुणी आलं तर त्याला उभं ठेवायचं न्हाई."

मी ऐकलं. आणि तरी, खरं सांगते, त्या गोष्टीचाही मला हेवा वाटला. तुमच्या भरलेल्या कोठीमागं एवढी मोठी गोष्ट होती. माझ्या हातांमागं काय होतं? नुसते फोड.

सगळ्यात झोंबलं ते प्रज्ञाचं. माझी एकुलती लेक. तिला अक्षरं तुम्ही, तिच्या मोठ्याईनं, शिकवली, ते मी आनंदानं मान्य केलं. मी शिकवू शकले नसते. ती संभाजीनगरला वसतिगृहात राहायला गेली, तेव्हा मी कारळाची चटणी करून दिली. कारळं भाजताना माझी बोटं पोळली होती. सुट्टीत घरी आली तेव्हा सांगत होती, "मोठ्याईची चटणी सगळ्या मुलींनी पुसून खाल्ली." मी म्हटलं, "कुणाची चटणी?" ती म्हणाली, "अगं, आपल्या कोठीतली. मोठ्याईची." तुम्ही समोरच बसला होता. चहा पीत होता. तुम्ही हसलात, आणि पोरीला विचारलंत, "अजून पाहिजे का?"

मी तेव्हा तुमच्या तोंडाकडं बघत होते, अक्का. 'चटणी तुझ्या आईनं केली' एवढे चार शब्द. चहाच्या दोन घोटांमध्ये सहज बसले असते.

मग भावाभावांची वाटणी झाली. भांडण असं नव्हतं. थोरले दादा, तुमचे मालक, आजारी पडले, तुमचा मिलिंद पुण्याला नोकरीला लागला, शेताचं बघणं आमच्या यांच्याकडं आलं, आणि मधे एक भिंत आली. मला माझं वेगळं स्वयंपाकघर मिळालं. मी मनात म्हटलं, आता बघू. आणि मी काय केलं तुम्हाला माहीत आहे. काहीच भरलं नाही, शेतातलं आलं तेही विकायला लावलं. डबे छोटे घेतले. दुकानातून पुड्या आणायच्या, संपल्या की पुन्हा आणायच्या. हे म्हणाले, "अक्काकडं तर वर्षाचं भरलं." मी म्हटलं, "त्यांना भरू द्या. मला घरात दुकान मांडायचं न्हाई." तुमच्या वाळवणाला मात्र मी येतच होते. तुम्ही हाक मारायच्या आणि माझे पाय चालू लागायचे. स्वतःचं घर मोकळं ठेवून मी तुमची कोठी भरत होते. याला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेल्या.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. तुम्ही म्हणायच्या, "शोभा, दिवस सांगून येत न्हाई." मी म्हणायची, "न्हाई आलं तर धान्याला सोंडे लागत्यात." तुम्ही म्हणायच्या, "सोंडे चाळता येत्यात." मी म्हणायची, "चाळतं कोण?" त्यावर तुम्ही गप्प बसायच्या. या गप्प बसण्यावरच आपलं भांडण दर वेळी अडायचं.

लॉकडाउन लागला आणि तुमचं खरं झालं. दुकानाचं शटर खाली आलं, जीप बंद, एसटी बंद. जाफराबादला जायचं तर रस्त्यात पोलीस. माझे छोटे डबे आठवड्याभरातच वाजायला लागले. यांनी दोनदा म्हटलं, "भिंतीपलीकडं जा की." मी गेले नाही. पीठ थोडं थोडं मळत होते, स्वतः अर्ध्या भाकरीवर उठत होते. तुम्हाला कळणारच होतं. भिंतीतून भाकरी थापल्याचा आवाज ऐकू येतो, आणि तुम्ही मास्तरीण, आवाज मोजायची सवय.

एका सकाळी तुम्ही भिंतीवरून डोकावलात. "शोभा, तुरी तशाच पडल्यात. भरडायच्यात. माझ्या एकटीनं होत न्हाई. येतीस का?"

मी आले. दोघींनी जात्यावर तूर भरडली. संध्याकाळी तुम्ही माझ्या पदरात डाळ ओतलीत आणि म्हणालात, "तुझ्या कष्टाची." दुसऱ्या दिवशी ज्वारी निवडायला बोलावलंत. तिसऱ्या दिवशी आणखी काही. मला वाटी घेऊन तुमच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून तुम्ही रोज नवं काम शोधत होता. मला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. रडू आलं. आणि त्याच वेळी वाटलं, ही बाई देण्यातही अशी पुढं, की माणसाला धड नाराजसुद्धा होता येत नाही.

त्याच दिवसांत पुण्याहून परतलेली माणसं गावच्या शाळेत ठेवली होती. बांधकामावरची माणसं, बायका, एक तान्हं मूल. गावातले लोक लांबून बघायचे. जवळ जायला भ्यायचे. तुम्ही म्हणालात, "शाळा माझी न्हाई, पण शाळाच हाय." आणि मला म्हणालात, "मोठं पातेलं काढ." रोज दुपारी वड्यांची नाहीतर वाळलेल्या गवारीची भाजी, भाकरी, कधी हुलग्याचं माडगं. मी रांधायची, तुम्ही तोंडाला पदर बांधून शाळेच्या ओट्यावर ठेवून यायच्या. कोठीची पातळी खाली जात होती आणि तुमचा चेहरा उजळत चालला होता. मी तुम्हाला तेवढं खूश दादा गेल्यापासून कधी बघितलं नव्हतं.

त्यांना सोडलं त्या दिवशी तान्ह्या मुलाची आई आपल्या दारात आली. तुम्हाला जयभीम घातला आणि म्हणाली, "बाई, तुमच्या हातच्या वड्याची भाजी मी जिती हाय तवर विसरणार न्हाई." मी तुमच्या मागं उभी होते, हातात उलथणं. तुम्ही तिच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "सांभाळून जा," म्हणालात. बस. ती वळून गेली. तिला आयुष्यभर तुमचा चेहरा आठवणार, आणि वड्या माझ्या.

मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला वाटलं दमली असेल.

या दिवाळीनंतर तुमचा श्वास भरून यायला लागला. दोन पायऱ्या चढल्या की बसायच्या. हृदय मोठं झालंय म्हणाले जालन्याचे डॉक्टर. तुमच्याबद्दल हे ऐकून गल्लीतल्या बायका म्हणाल्या, ते तर होतंच. तेव्हाही मी मनात म्हटलं, बघा, दुखणंसुद्धा कौतुकाचं आलं.

मिलिंद न्यायला आला होता, तुम्ही गेला नाहीत. "पुण्यात मी खिडकीतून काय बघू?" म्हणालात. मग तुमची अंघोळ, औषध, पेज सगळं माझ्याकडं आलं. मी केलं ते कुणावर उपकार म्हणून केलं नाही. मला आवडत होतं. लहान मुलासारखे तुमचे केस विंचरताना मला वाटायचं, आता या माझ्या आहेत. पण तुमचं लक्ष सगळं पलीकडच्या खोलीत. "गव्हाला ऊन दाखवलं का? गुळाला मुंग्या न्हाईत ना? चिंच खारवली का बराबर?" मी हो हो म्हणायची.

शेवटी एका दुपारी राहवलं नाही. तुम्हाला पेज भरवत होते. मी विचारलं, "अक्का, एक विचारू? तुम्ही कधी कुणाला सांगितलंत का, की हे सगळं शोभानं केलं म्हणून?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. खरंच कळलं नाही तुम्हाला, असं बघितलंत.

"सांगायचं काय त्यात?" तुम्ही म्हणालात. "घरचंच तर हाय."

"घरचं म्हणजे कुणाचं?"

"आपलं."

"आपलं म्हणजे तुमचंच की. गावात कुणालाबी विचारा."

"तुला काय पाहिजे शोभा? पाटी लावू का दारावर?"

तुम्ही थट्टेनं बोललात. मला थट्टा सोसली नाही. उरलेली पेज तशीच ठेवून मी उठले, भांडी घासायला बसले, आणि उगीच जोरजोरात घासत राहिले. तुम्ही आतून एकदा हाक मारलीत. मी "आले" म्हटलं आणि आले नाही लवकर. आले तेव्हा तुम्ही भिंतीकडं तोंड करून डोळे मिटले होते. झोपल्या असाल म्हणून मी परत फिरले. पहाटेच तुमचा श्वास अडकला. जालन्याला नेलं. दवाखान्यात तुमच्या नाकातोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. मी पायाशी बसून होते. तुम्ही दोनदा माझ्याकडं बघून हात हलवलात. ते काय होतं अक्का? बस म्हणत होता, जा म्हणत होता, का काही सांगत होता? मी नर्सला विचारलं, ती म्हणाली, पाणी मागत असतील. पाणी नव्हतं ते. मी तुम्हाला ओळखते. पण काय होतं ते मला कधीच कळणार नाही. 'आपलं' या शब्दाचं भांडण तिथंच राहिलं. तुम्ही मला स्वतःतच धरत होता, म्हणून माझं नाव वेगळं घेत नव्हता, असं एखाद्या दिवशी वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, स्वतःत धरलेल्या माणसाचंही एक नाव असतं. कधीतरी ते मोठ्यानं घ्यायला काय हरकत होती?

पुण्यानुमोदनाला सगळं गाव लोटलं. तुमचे जुने विद्यार्थी आले, कुणी तलाठी, कुणी शिक्षक, कुणी टेम्पोवाला. बुद्धवंदना झाली. मग एकेक जण बोलायला उठला. बाईंनी वह्या दिल्या, बाईंनी फी भरली, आणि प्रत्येकाचं बोलणं फिरून कोठीवर यायचं. शाळेत ठेवलेल्यांपैकी एक जण लांबून आला होता. तोही वड्यांच्या भाजीबद्दल बोलला. मी मागं मंडपाच्या कडेला, स्वयंपाकाकडं एक डोळा ठेवून ऐकत होते. त्या दिवशीचं जेवणही कोठीतलंच होतं.

मिलिंदनं माइकवरून विचारलं, "काकू, तुम्ही दोन शब्द बोलता का?"

मी कधी माइक धरला नव्हता. उठले. हात ओले होते, पदराला पुसले. तुमचा हार घातलेला फोटो समोर होता. त्याच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर बोलले नसते.

मी म्हटलं, "अक्का लई मोठ्या होत्या. सगळ्यांनी सांगितलं ते बराबर हाय. पण त्या कोठीतलं सगळं मी केल्यालं हाय. वड्या माझ्या, चटणी माझी, मसाला माझा. त्यांनी भरायचं ठरवलं, वाटलं त्यांनी. केलं मी. एवढं सांगायचं होतं."

हे खाली बघायला लागले. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, आता जन्मभराची नाचक्की.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सखुबाई बोलली. बसल्या जागेवरून, नेहमीच्या आवाजात. "ठावं हाय की आम्हाला. मास्तरीणबाईला वडी तोडता येत होती व्हय? एकदा केल्त्या, दगडावाणी झाल्त्या."

बायका हसल्या. पुरुषही हसले. मिलिंद हसता हसता रडायला लागला. म्हणाला, "आईच्या भाकरीला तर आम्ही नकाशा म्हणायचो."

मी सखुबाईला विचारलं, माइक हातात तसाच होता, सगळ्यांना ऐकू गेलं, "मंग इतकी वर्षं बोलला कामून न्हाई कुणी?"

"तू कधी इचारलं?" ती म्हणाली. "अन् बोलायचं काय? बाईकडं मागायला आलं की बाई आधी काय म्हणायच्या? 'थांबा, शोभाला इचारते, उरलंय का.' आत जायच्या, तुझ्याशी बोलून यायच्या, मंग द्यायच्या. आम्हाला काय डोळे न्हाईत?"

हे खरं आहे, अक्का. तुम्ही आत यायच्या आणि विचारायच्या. मला वाटायचं तुम्ही हिशेब तपासताय.

मला त्या दिवशी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? सगळ्या गावापुढं माझं माझ्या नावावर झालं. जेवायला वाढताना दोघी-तिघींनी मुद्दाम म्हटलं, शोभा, आमटी झकास. पण रात्री आडवं पडल्यावर लक्षात आलं, ज्या एका माणसानं ते ऐकायला पाहिजे होतं, तेच मंडपात नव्हतं. तुम्ही पहिल्या रांगेत बसला असता, तर चष्मा काढून पुसला असता आणि घरी गेल्यावर म्हणाला असता, "बोलताना जरा घाई करून राह्यली होतीस." तेवढ्यासाठी मी आणखी दहा वर्षं वड्या तोडल्या असत्या.

मिलिंद पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "काकू, कोठी तुम्हीच बघा. मी कुलूप लावणार नाही." मी हो म्हटलं. आता ती खोली माझी आहे. काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुणाला द्यायचं, मी ठरवायचं. पंचवीस वर्षं हेच पाहिजे होतं मला.

ऊन कडक झालंय. गेल्या रविवारी मी कुरडया करायला घेतल्या. गहू भिजवले होते, वाटून चीक काढून ठेवला होता. चुलीवर पाण्याला आधण आलं. चीक ओतायला पातेलं उचललं, आणि तसंच उचललेलं राहिलं. एकीनं ओतायचं आणि दुसरीनं हाटायचं असतं, नाहीतर गुठळ्या होतात. माझ्या तोंडून आलं, "जल्दी या, अक्का." आधण उकळत होतं. मी पातेलं खाली ठेवलं आणि दारात जाऊन सखुबाईला हाक मारली.

ती आली. पदर खोचून हाटायला बसली. मी ओतत गेले. चीक चांगला शिजला, एक गुठळी नाही. सखुबाई हाटता हाटता म्हणाली, "बाईचा हात जोरकस होता पण. माझ्यानं तसं व्हईना." मला राग आला नाही, ते बघून मलाच नवल वाटलं.

कुरडया पांढऱ्याशुभ्र आल्यात. माळवदावर वाळतायत. कुणी विचारलं तर मी सांगणार आहे, माझ्या आहेत. सगळे हो म्हणतील.

पण अक्का, तुम्ही दिवसभर शाळेत निश्चिंत असायच्या, कारण घरी मी होते. तुम्ही पातेलं भरून दिलंत, कारण चुलीशी मी होते. तुमच्या नावामागं मी होते, शेवटी पायाशीही मीच होते. माझ्यामागं आता कुणी नाही. तुमच्या नोकरीचा, मानाचा, कोठीचा हेवा मी करून बसले. आता मला एवढाच हेवा वाटतो, आणि हा काही केल्या जायचा नाही, की तुमच्याजवळ मी होते.